सोमवारचं पत्र पोचेना

मुठा खोऱ्यात, शनिवार-रविवारी येणाऱ्या पुणेकरांची शेतघरं संपतात तिथून थोडं पुढं, म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणतात. तिथं राहणारे म्हणतात, त्यांची मुलं म्हणतात, सिलिंडर आणून देणारा म्हणतो, मीही म्हणते. भरे गावातल्या एका बौद्ध कुटुंबातल्या या बाई पुण्याला जाऊन नर्सिंग शिकल्या, एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि पन्नाशीच्या अलीकडंच नोकरी सोडून परत मुळशीत आल्या. हॉस्पिटलात म्हातारी माणसं बरी होतात आणि घरी न्यायला कुणी येत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की शेवटी आपणच न्यायचं असं त्यांनी ठरवलं. याहून जास्त कारण त्या कधी सांगत नाहीत.

माझी त्यांची ओळख माझ्या आत्यामुळं झाली. आत्याचं लग्न झालं नव्हतं आणि शेवटच्या वर्षात तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा मी हिंजवडीतल्या कंपनीत होते. माझं आयुष्यभराचं काम ईमेलचं. ईमेल लिहिण्याचं नव्हे, त्या पोचवणारी यंत्रं सांभाळण्याचं. आत्या गेल्यानंतर मी नोकरी सोडली आणि नवऱ्याबरोबर जवळच्याच रिहे गावात राहायला आले, पण सिस्टरच्या घरी माझं जाणं-येणं चालूच राहिलं. कधी भाजी घेऊन, कधी नुसतीच.

त्या काळात सिस्टर घरच्यांना व्हॉट्सॲपवर खुशाली कळवत. एका आजोबांना पाठीवर जखम झाली होती. डॉक्टर असलेल्या त्यांच्या भाच्यानं फोटो मागितला म्हणून सिस्टरनी तो त्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो पुढं पाठवला, त्यानं आणखी पुढं. आठवड्याभरात आजोबांच्या मूळ गावापर्यंत त्यांची उघडी पाठ पोचली, आणि गावाहून भेटायला आलेल्या एका माणसानं ते त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्यानंतर आजोबा कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. सिस्टरना ते फार लागलं. त्यांनी सगळे ग्रुप बंद केले आणि मला विचारलं, की एखाद्या माणसाविषयी फक्त त्याच्याच माणसांना लिहिता येईल, आणि मधल्या कुणाच्या हाती ते लागणार नाही, असं काही करता येतं का.

मी त्यांना एक मेल सर्व्हर उभा करून दिला. एका कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेलं एक छोटं यंत्र, सिस्टरच्या घराच्या नावाचा पत्ता, आणि देखभालीला मी. तिथल्या पत्रांत कुणाला कपड्यात झालं, कुणी रात्री कुणाच्या नावानं हाका मारल्या, असं सगळं असणार होतं. ते आपल्याच यंत्रावर राहावं असं आम्हाला दोघींनाही वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताला काम हवं होतं.

तेव्हापासून सिस्टर सोमवारी संध्याकाळी पत्रं लिहायला बसू लागल्या. रविवारची भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असायची. प्रत्येक कुटुंबाला वेगळं पत्र. काय खाल्लं, झोप कशी लागली, औषधात काय बदललं, आणि शेवटी त्या माणसाच्या तोंडचं एखादं वाक्य, जसंच्या तसं. ते शेवटचं वाक्य त्यांना फार महत्त्वाचं वाटे. मला त्यांनी एकदा नमुना म्हणून काही पत्रं दाखवली होती. एका आजींनी म्हटलं होतं, आज वरणाला हिंग जास्त झाला, तुझ्या हातचं नव्हतं. हे वाक्य त्यांच्या सुनेला उद्देशून होतं.

काही वर्षं सगळं व्यवस्थित चाललं, आणि एका मंगळवारी सकाळी सिस्टरचा फोन आला. पत्रं परत आली होती. सगळी नव्हे, पण बरीच. त्यांनी मला परतीच्या निरोपातलं इंग्रजी एक-एक शब्द करून वाचून दाखवलं. त्याचा मथितार्थ असा, की तुमच्या यंत्राच्या पत्त्यावरून येणारं टपाल आम्ही घेत नाही, कारण तुमचं जाळं आमच्या बंदीच्या यादीत आहे.

परत आलेली सगळी पत्रं एकाच बड्या ईमेल कंपनीच्या पत्त्यांवर गेली होती. निम्म्याहून जास्त मुलांची खाती तिथंच. मी यंत्र तपासलं. कुणी त्यात शिरून जाहिराती पाठवल्यात का, पासवर्ड कुठं फुटलाय का, पत्र आमचंच असल्याची यंत्रानं लावलेली सही बिघडलीय का, सगळं पाहिलं. काहीच नव्हतं. आठवड्यातून एकदा मूठभर पत्रं, तीही मराठीत, याखेरीज त्या यंत्रानं काही पाठवलंच नव्हतं.

मग कारण सापडलं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. आमचा पत्ता ज्या पट्ट्यात होता, त्याच पट्ट्यात शेजारी दुसरी यंत्रं होती, आणि त्यातल्या काहींवरून कुणीतरी फसव्या लॉटरीच्या ईमेल पाठवत होतं. बड्या कंपनीनं एकेकाला हुडकत न बसता सगळी आळीच बंद केली होती. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं. कंपनीत असताना मीही असे पट्टेच्या पट्टे बंद केले आहेत, आणि त्याच्या पलीकडं कोण राहतं याचा विचार करायला तिथं कुणाला वेळ नसतो.

बंदी उठवण्यासाठी त्या कंपनीचा एक अर्ज असतो. तो मी भरला. थोड्याच वेळात उत्तर आलं. तुमच्या पत्त्यात अडवण्यासारखं काही आढळलं नाही. मी पुन्हा चाचणीचं पत्र पाठवलं, ते पुन्हा परत आलं. मी त्या उत्तराला उत्तर लिहिलं, तर दुसरं आलं, तुमचा पत्ता सवलतीस पात्र नाही, कारण सांगता येत नाही. दोन्ही उत्तरांच्या खाली माणसांची नावं होती, पण ती माणसांनी लिहिलेली नव्हती हे मला लगेच कळलं. अशी उत्तरं लिहिणारी यंत्रंही मी सांभाळलेली आहेत.

दुपारी मी मुठ्याला सिस्टरकडं गेले. सिस्टर स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून एका आजींची नखं कापत होत्या. मी त्यांना जमेल तसं समजावून सांगितलं. आपण काही केलेलं नाही, पण आपली वस्ती त्यांच्या लेखी वाईट आहे, म्हणून दार उघडत नाहीत, असं. त्यांनी शेवटचं नख कापलं. मग आजींचा हात पुसून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पुण्यात शिकाया गेले तवा खोली बघत हिंडायची मी," त्या म्हणाल्या. "खोली दावायचे, भाडं सांगायचे. मंग इचारायचे, आडनाव काय. आडनाव सांगितलं की म्हणायचे, आत्ताच कुणाला तरी दिलीया."

मी विचारलं, मग काय केलं. त्या म्हणाल्या, काही नाही, जिथं कुणी विचारलं नाही तिथं राहिले. तेवढंच बोलून त्या दुसऱ्या आजींना हाक मारायला उठल्या. मी तिथं पायरीवर बसून राहिले. माझं आडनाव ऐकून मला आजवर कधी खोली नाकारली गेली नव्हती, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

ज्या कंपनीकडून मी यंत्र भाड्यानं घेतलं होतं, तिथल्या मदतनीसानं मला दुसरा आयपी देऊ केला. पट्टा जरा वेगळा होता. मी तो घेतला, सगळ्या जोडण्या नव्यानं केल्या. दरम्यान परत आलेल्या पत्रांच्या घरी सिस्टरनी फोन करून खुशाली सांगितली होती. पुढच्या सोमवारी पत्रं गेली आणि एकही परत आलं नाही. मी सिस्टरना सांगितलं, झालं, सुटलं. त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि त्या दिवशी नवऱ्यासाठीही डबा भरून दिला, इंद्रायणीचा मऊ भात आणि वालाची उसळ.

त्याच आठवड्यात नाशिकहून एक मुलगी गाडी चालवत थेट आली. मुलगी म्हणजे साठीला टेकलेली बाई. तिचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, आता त्यांना फारसं दिसत नाही. ती चपला न काढता आत शिरली, वडिलांच्या खोलीपर्यंत जवळजवळ धावतच गेली. मास्तर खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवून विचारलं, आज कशी काय आलीस गं. ती खालीच बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

तिला सोमवारचं पत्र मिळालं नव्हतं. आधीच्या आठवड्यात पत्र चुकलं तेव्हा निदान फोन तरी आला होता. या वेळी तिनं स्वतःच फोन केला, तर सिस्टरच्या घरचा फोन बंद होता, रस्त्याच्या कामात कुणीतरी केबल तोडली होती. सिस्टरचा मोबाइल लागत नव्हता, कारण त्या एका पेशंटला घेऊन पुण्यातल्या हॉस्पिटलात आत अडकल्या होत्या. तिनं मनातल्या मनात सगळं रचलं होतं. वडिलांना काहीतरी झालंय आणि हे लोक आपल्याला कसं सांगायचं याचा विचार करतायत.

मी तिच्या फोनवर पाहिलं. पत्र आलेलं होतं. स्पॅमच्या कप्प्यात, वजन कमी करण्याच्या जाहिरातींच्या मध्ये पडलेलं. नवा आयपी त्या कंपनीला अनोळखी होता, म्हणून कंपनीनं आता पत्रं परत पाठवायचं सोडून गुपचूप तिथं टाकायला सुरुवात केली होती. पत्र परत येतं तेव्हा निदान कळतं तरी. या प्रकारात आम्ही इकडं निर्धास्त आणि ती तिकडं नाशिकमध्ये वेडीपिशी. मला जेवायला घातलेला तो भात आठवून फार ओशाळल्यासारखं झालं.

सिस्टरनी तिला मुक्कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तिनं वडिलांना दाढी करून दिली होती आणि खोलीच्या खिडकीचे पडदे धुतले होते.

मग आम्ही ठरवलं की त्या कंपनीची खाती असलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन करायचा. स्पॅममध्ये पत्र शोधायला सांगायचं, हे स्पॅम नाही असं कळवणारं बटण दाबायला सांगायचं, आणि जमलं तर पत्राला उत्तर लिहायला सांगायचं. कुणाच्या पत्राला माणसं उत्तर देतात हे त्या कंपन्यांची यंत्रं बघत असतात. ज्याला उत्तरं येतात तो बरा, असा त्यांचा साधा हिशोब आहे. फोन मी करायचे असं ठरलं, कारण बटण कुठं असतं ते मला सांगता येत होतं.

सिस्टरनी फक्त एक अट घातली. "पत्र आलं न्हाई ते कुणाच्या ध्यानात आलं व्हतं आन् कुणाच्या न्हाई, ते मला सांगू नका, ताई. मला त्यांच्या आईबापाकडं बघायचं असतं रोज."

त्यांच्या ऑफिसच्या खोलीत बसून मी दोन सकाळी फोन केले. केबल तोवर जोडून झाली होती. टेबलावर एक छोटी बुद्धमूर्ती आणि औषधांच्या डब्या, खिडकीबाहेर कापणी झालेली खाचरं. काहींना पत्र आलं नाही हे पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. बंगळुरूतला एक मुलगा म्हणाला, मी आणि बायको ते मोठ्यानं वाचतो, या आठवड्यात चुकल्या-चुकल्यासारखं झालं. काहींच्या गावीही नव्हतं. ते लोक फोनवर घाईघाईनं कामाचं सांगायला लागायचे, आणि मला त्यांना अडवावंसं वाटायचं नाही. वरवर पाहता प्रेमाची परीक्षाच घेतल्यासारखं चाललं होतं, पण तसं ते नव्हतं. न जाणवलेल्यांतली एक मुलगी दर महिन्याला रात्रभर प्रवास करून आईला भेटायला येते हे मला माहीत होतं.

अमेरिकेतल्या एका मुलाला मी त्याच्या संध्याकाळच्या वेळेनं फोन केला. त्याची आई सिस्टरकडं बरीच वर्षं आहे. तिला आता माणसं आठवत नाहीत. गाणी आठवतात, भाज्या निवडता येतात, पण माणसं नाहीत. मी त्याला पाठ झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, थांबा, बघतो. मग म्हणाला, हो, आहेत इथं.

मी म्हटलं, तेच होतंय सगळ्यांचं, आता एकेक उघडा आणि ते बटण दाबा.

त्यानं तिकडं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"मॅडम, ती आपोआप नाही गेली इथं," तो म्हणाला. "मीच टाकतो."

मला काही कळेना. मग तो सावकाश सांगायला लागला. आपल्याकडची सोमवारची संध्याकाळ म्हणजे त्याची सोमवारची सकाळ. तो ऑफिसात पोचतो आणि पत्र येतं. मीटिंग सुरू होण्याआधी तो ते वाचतोच, न वाचता राहवत नाही. आई आपल्याला विसरली हे त्यानं स्वीकारलं होतं, असं तो म्हणाला. पण पत्राच्या शेवटी तिचं वाक्य असायचं. एकदा तिनं विचारलं होतं, माझा मुलगा शाळेतून आला का. एकदा म्हणाली होती, पाऊस आहे, त्याला कुणीतरी आणायला जा.

"ते वाचलं की मला दिवसभर काही सुचत नाही. समोर लोक बोलत असतात आणि मला ऐकू येत नाही. पत्र डिलीट करायला हात धजत नाही. म्हणून स्पॅमचं बटण दाबतो. डोळ्यांपुढून जातं, पण कुठंतरी असतं."

तो हे किती दिवस करत होता ते मी विचारलं नाही. आवाजावरून ते नवं नव्हतं. ते बटण दाबलं की कंपनीला निरोप जातो, हा पाठवणारा त्रास देतोय असा, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते मला त्याला सांगावंच लागलं. आमचा पत्रव्यवहार एवढासा, की त्यात एका माणसाची तक्रारही मोठी दिसते. त्याच्यामुळंच सगळं झालं असं मी म्हटलं नाही, आणि ते खरंही नव्हतं, पहिली बंदी शेजाऱ्यांमुळं होती. पण नव्या आयपीवर आल्यावरही आमचं नाव खराबच राहिलं, त्यात त्या बटणाचा वाटा असणार. तो पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिला. बाकीच्यांची पत्रंही अडली का, असं त्यानं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

फोन ठेवल्यावर मला त्याचा राग आला होता हे कबूल करायला हवं. नाशिकच्या बाईचा रडवेला चेहरा अजून डोळ्यांसमोर होता. सिस्टरनी कुणाचं काही सांगू नका असं बजावलं होतं, पण हे सांगणं भाग होतं. पत्रंच ज्याला त्रास देतायत त्याला ती पाठवायची की नाही हे त्यांनाच ठरवायचं होतं. मी जरा चिडूनच सांगितलं.

सिस्टर गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापत होत्या, त्या कापतच राहिल्या.

"वाचत व्हता म्हणून तरास व्हत व्हता त्येला," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तितं कुणाला वेळ हाय वाचाया. मी आपली लिहीत व्हते." मग पुढची पट्टी घेत म्हणाल्या, "आन् सोमवारीच का धाडती मी? माझ्या सोयीनं. त्येला इचारलं न्हाई कदी."

त्याच दिवशी त्यांनी त्याला स्वतः फोन केला. मी बाजूलाच होते, फोन स्पीकरवर होता. त्याला कुठल्याही प्रकारे दोष न देता त्यांनी सरळ विचारलं, पत्र हवं का नको, आणि हवं असलं तर कुठल्या वारी. तो म्हणाला, हवं, शनिवारी. शनिवारी तो घरी असतो, बायको असते. सिस्टरनी विचारलं, शेवटी आईचं बोलणं लिहू का नको. तो म्हणाला, लिहा. पण त्याच्याआधी ती काय जेवली ते लिहा.

हे ऐकल्यावर सिस्टरनी बाकीच्यांनाही विचारलं. बऱ्याच जणांना शनिवारच बरा वाटला, आणि सिस्टरची शनिवारची दुपार त्यात जाऊ लागली. वार का बदलला असं कुणी विचारलं तर त्या सांगतात, सोमवारी दवाखान्याची कामं निघतात.

उत्तरं यायला लागली ती त्याच महिन्यात. आम्ही कंपनीच्या यंत्राला खूश करायला म्हणून मागितली होती. सुरुवातीला नुसतंच "मिळालं, धन्यवाद" असं यायचं. पुढं लोक लिहू लागले. बाबांना सांगा, नातीला चष्मा लागला. आईला विचारा, कैरीच्या लोणच्यात मेथी भाजून घालायची की कच्ची. इतकी वर्षं पत्रं एकाच बाजूनं जात होती आणि त्यात काही चुकतंय असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. सिस्टर संध्याकाळच्या चहाच्या वेळी ज्याचं त्याला वाचून दाखवू लागल्या. मेथीच्या प्रश्नावर तर सगळ्या आजींचं मत घेतलं गेलं आणि त्यात एकमत झालं नाही.

बड्या कंपनीकडं माझे अर्ज चालूच होते. अमेरिकेतल्या त्या मुलानं आपणहून त्यांच्याकडं लिहिलं. त्याचं ऑफिस त्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक होतं, तिथल्या एका तांत्रिक माणसानं पाठपुरावा केला. नाशिकच्या बाईंनीही कडक शब्दांत लिहिलं. शेवटी मला एक उत्तर आलं, ज्यात एक शब्द चुकलेला होता आणि वाक्य मध्येच तुटून पुढं सुरू झालं होतं. ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण ते लिहिणारा माणूस होता. त्यानं लिहिलं होतं, तुमचा पत्ता पाहिला, निर्बंध काढतोय, एक-दोन दिवस द्या. खरोखरच त्यानंतर पत्रं सगळ्यांच्या मुख्य कप्प्यात जाऊ लागली. नक्की कशामुळं, उत्तरांमुळं की त्या माणसामुळं, हे मला आजही सांगता येणार नाही.

हे कायमचं नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीनं तसाच पट्टा बंद केला आणि पुन्हा तोच खेळ सुरू झाला. या वेळी मी भांडले नाही. बाहेर जाणारं टपाल पोचवून देण्याचं काम पैसे घेऊन करणाऱ्या एका कंपनीकडं सोपवलं. तिची पत बड्या कंपन्यांकडं चांगली आहे. येणारी पत्रं अजून आमच्या यंत्रावर येतात आणि तिथंच राहतात, पण जाणारी आता तिसऱ्याच्या हातून जातात. मी हे सिस्टरना सांगितलं तेव्हा मला हरल्यासारखं वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, ते लोक वाचत नाहीत ना. मी म्हटलं, वाचू शकतात, पण वाचत नसावेत. त्यांनी त्यावर विचार केला आणि तेव्हापासून जखमांविषयी, कपड्यांविषयी त्या पत्रात लिहीत नाहीत, ते फोनवर सांगतात. मला हे पटत नाही, म्हणजे परिस्थिती पटत नाही, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

अमेरिकेतला तो मुलगा थंडीत आला. बरोबर बायको होती, मुलं परीक्षेमुळं तिकडंच राहिली होती. सिस्टरनी मलाही बोलावून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा सकाळची उन्हं अंगणात आली होती आणि त्याची आई सतरंजीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तो तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. उंच, थोडा वाकलेला, कानांवर पिकलेले केस. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, लाईटवाले ना तुम्ही. त्याची बायको पुढं व्हायला लागली, सिस्टरनी तिचा हात धरून थांबवलं.

तो म्हणाला, हो.

आईनं सांगितलं, पंखा आवाज करतोय, पण आता थंडी आहे, घाई नाही, बसा. तो बसला. तिनं त्याच्यासमोर शेंगांचा ढीग सरकवला. रिकामे हात तिला बघवत नाहीत. तो सोलायला लागला, सवय नसल्यानं फार हळू, आणि मधूनच एखादा दाणा तोंडात टाकत होता. तिचं त्याकडं लक्ष गेलं.

"आमचा मुलगाही कच्चेच खातो," ती म्हणाली. "पोट दुखतं मग त्याचं."

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

"सांगत नाही तो. पण दुखतं."

त्यानं मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. सिस्टर त्याच्या बायकोला घेऊन आत चहा टाकायला गेल्या, आणि मीही त्यांच्या मागून गेले.